शासकीय वेतन प्रणालींची सेवा-गुणवत्ता : मोजमापाच्या रूढ चौकटीची चिकित्सा (विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

प्रस्तावना

'सेवार्थ', 'शालार्थ' आणि 'एचटीई सेवार्थ' ही नावे न ऐकलेला शासकीय अथवा अनुदानित संस्थेतील कर्मचारी आज वर्धा जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. पहिली प्रणाली राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी, दुसरी अनुदानित शाळांसाठी आणि तिसरी उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील अनुदानित महाविद्यालयांसाठी आहे. तिन्हींचे कार्य स्थूलमानाने एकच होय. कर्मचाऱ्याची सेवाविषयक माहिती एका ठिकाणी साठविणे आणि तिच्या आधारे दरमहा वेतन देयक तयार करणे.

या व अशा प्रणालींच्या सेवा-गुणवत्तेविषयी अलीकडे महाविद्यालयीन नियतकालिकांतून आणि चर्चासत्रांच्या ग्रंथांतून बरेच लेखन होऊ लागले आहे. त्याचा साचा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. एखादा जिल्हा घ्यावयाचा, शंभर-दीडशे कर्मचाऱ्यांकडून पाच बिंदूंच्या श्रेणीची प्रश्नावली भरून घ्यावयाची, सरासरी काढावयाची, काय-वर्ग कसोटी लावावयाची आणि 'बहुसंख्य उत्तरदाते प्रणालीविषयी समाधानी आहेत, तथापि सर्व्हरची गती व प्रशिक्षण यांत सुधारणेस वाव आहे' असा निष्कर्ष काढावयाचा. प्रस्तुत लेखकानेही एके काळी याच पद्धतीचे लेखन केले आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे इष्ट ठरेल.

हे निष्कर्ष खोटे आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. बहुसंख्य कर्मचारी समाधानी असतातच, कारण बहुसंख्यांचे वेतन बहुतेक महिन्यांत होते. आक्षेप वेगळा आहे. वेतन प्रणालीची गुणवत्ता सुरळीत चाललेल्या महिन्यावरून कळत नाही. नोंद चुकल्यावर, नाव गळाल्यावर किंवा प्रणाली बंद पडल्यावर काय घडते, चूक कोण दुरुस्त करतो, किती दिवसांत करतो आणि त्या दिवसांचा भार कोण सोसतो, यावरून ती कळते. आपल्या प्रश्नावल्या नेमके हेच विचारत नाहीत. त्या का विचारत नाहीत आणि त्यामुळे काय निसटते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापनश्रेणीचे मूळ

या लेखनात सर्वाधिक वापरली जाणारी मापनश्रेणी म्हणजे 'सर्व्हक्वाल'. पॅरासुरामन, झीथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८५ साली सेवा-गुणवत्तेचे प्रतिमान मांडले आणि १९८८ साली बावीस विधानांची श्रेणी सिद्ध केली. दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि समानुभूती ही तिची पाच अंगे आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतर म्हणजे गुणवत्तेचे मोजमाप, हा तिचा गाभा होय. क्रोनिन व टेलर यांनी १९९२ साली या अंतराच्या कल्पनेवरच आक्षेप घेतला आणि केवळ अनुभव मोजावा असे सुचविले. तो वाद येथे लांबविण्याचे कारण नाही.

महत्त्वाचा मुद्दा असा की, १९८५ च्या मूळ अभ्यासासाठी निवडलेली क्षेत्रे किरकोळ बँकव्यवहार, क्रेडिट कार्ड, रोखे दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती व देखभाल ही होती. या प्रत्येक ठिकाणी असमाधानी ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. बँक बदलता येते, दलाल बदलता येतो. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली संस्थांच्या ऱ्हासासंबंधी लिहिताना सोडून जाणे आणि आवाज उठविणे असे जे दोन मार्ग सांगितले, त्यांपैकी पहिला मार्ग येथे गृहीतच आहे. हिंगणघाटच्या शाळेतील शिक्षकाला 'शालार्थ' पसंत नाही म्हणून अन्य प्रणालीतून वेतन घेता येत नाही. त्याच्याकडे उरतो तो दुसरा मार्ग, म्हणजे आवाजाचा. मग तो आवाज कोठे पोहोचतो, हे मोजावयास नको काय?

संगणकीय सेवांसाठी याच परंपरेतील पॅरासुरामन, झीथामल व मल्होत्रा यांनी २००५ साली 'ई-एस-क्वाल' ही श्रेणी तयार केली. कार्यक्षमता, पूर्तता, प्रणालीची उपलब्धता आणि गोपनीयता ही तिची चार अंगे. तिची कसोटी अ‍ॅमेझॉन आणि वॉलमार्ट या दोन संकेतस्थळांवर खरेदी करणाऱ्या ग्राहकांवर घेण्यात आली होती. परदेशी ऑनलाइन दुकानांतील ग्राहकांवर पारखलेली विधाने आपण मराठीत उतरवून आर्वीच्या उपकोषागाराशी संबंध असलेल्या लिपिकापुढे ठेवतो, याची जाणीव आपल्या लेखांत क्वचितच दिसते.

त्याहून गंभीर बाब पुढेच आहे. २००५ च्या त्या लेखात एक नव्हे, दोन श्रेण्या होत्या. दुसरीचे नाव 'ई-रेक्स-क्वाल'. ज्या ग्राहकांना काही अडचण आली, ज्यांचा व्यवहार नेहमीच्या वाटेने पार पडला नाही, केवळ त्यांच्यासाठी ती होती. तत्परता, भरपाई आणि संपर्क ही तिची तीन अंगे आणि एकूण अकरा विधाने. म्हणजे मूळ संशोधकांनीच सुरळीत सेवा आणि बिघडलेल्या सेवेची दुरुस्ती यांत भेद केला होता. आपण पहिली श्रेणी उचलली आणि दुसरी तिथेच ठेवून दिली. असे का झाले असावे? दुसऱ्या श्रेणीसाठी अडचणीत सापडलेली माणसे शोधावी लागतात. पहिलीसाठी स्टाफरूममध्ये प्रश्नावली वाटली की भागते.

ग्राहक कोण, हा प्रश्न

वेतन प्रणालीचा 'वापरकर्ता' म्हणून आपण कोणाला विचारतो, हेही तपासले पाहिजे. 'सेवार्थ' कुटुंबातील प्रणालींत प्रत्यक्ष काम करतो तो कार्यालयातील लिपिक. महिन्यातील बदल, म्हणजे वेतनवाढ, रजा, नवी वजाती, बदली इत्यादी तो भरतो. आहरण व संवितरण अधिकारी त्यांस मान्यता देतो. मग देयक तयार होते, अनुदानाच्या उपलब्धतेची 'बीम्स' प्रणालीशी सांगड घातली जाते आणि देयक कोषागाराकडे जाते. महाविद्यालयांच्या बाबतीत मध्ये नागपूरच्या विभागीय सहसंचालक कार्यालयाचा, तर माध्यमिक शाळांच्या बाबतीत जिल्ह्याच्या वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाचा टप्पा असतो. या साखळीत प्राध्यापक वा शिक्षक कोठेच नाही. तो शेवटी आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचतो तो बँकेचा संदेश.

त्यामुळे 'प्रणाली हाताळण्यास सोपी आहे' या विधानाला प्राध्यापकाने दिलेले 'पूर्णतः सहमत' हे उत्तर आणि लिपिकाने दिलेले तेच उत्तर यांची बेरीज करून सरासरी काढणे, हे पाहुण्याच्या आणि आचाऱ्याच्या मताची सरासरी काढून चूल कशी आहे ते ठरविण्यासारखे आहे. डीलोन आणि मॅक्लीन यांच्या माहिती प्रणाली-यशाच्या प्रतिमानात (१९९२, सुधारित २००३) 'वापर' हा यशाचा एक निकष आहे. परंतु जेथे वापर सक्तीचा असतो, तेथे वापराचे प्रमाण शंभर टक्केच असणार. त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

आणि नमुना निवडीतील खरी खोच याहून निराळी आहे. आपले उत्तरदाते वेतन घेणाऱ्यांच्या यादीतून निवडले जातात. साहजिकच ज्याला प्रणालीने अद्याप आत घेतलेलेच नाही, तो नमुन्यात येत नाही. हजर विद्यार्थ्यांनाच गैरहजेरीची कारणे विचारावी, तसा हा प्रकार. वैयक्तिक मान्यता हाती असूनही आयडीअभावी विनावेतन शिकविणारा शिक्षक यात नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापक तर या प्रणालीच्या दृष्टीने माणूसच नाही. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालयांत विभागाचा अर्धा भार तो वाहतो, पण त्याच्या मानधनाचा मार्ग वेगळा आणि विलंबाचा हिशोब कोणत्याच संगणकात नाही. सेवा-गुणवत्तेच्या अभ्यासातून हे दोन घटक वगळले की समाधानाची सरासरी आपोआप उंचावते.

जमेची बाजू

टीका करताना जमेची बाजू झाकणे योग्य नव्हे. ज्यांनी हाताने लिहिलेल्या वेतन देयकांचा काळ पाहिला आहे, त्यांना कार्बन कागद, गणकयंत्रावरील बेरजा, एका आकड्याच्या खाडाखोडीमुळे परत आलेले संपूर्ण देयक आणि वेतनाचा धनादेश वटेपर्यंतचे दिवस आठवत असतील. आज रक्कम थेट खात्यात जमा होते. महागाई भत्त्याचा दर बदलला की तो प्रत्येकाच्या नावापुढे नव्याने मांडावा लागत नाही. एका व्यक्तीच्या नावे दोन ठिकाणी वेतन काढणे अवघड झाले आहे. राष्ट्रीय ई-शासन योजना २००६ साली मंजूर झाली आणि कोषागारांच्या संगणकीकरणाला त्यानंतर गती आली. त्या उपक्रमाचे हे निर्विवाद फलित होय. प्रश्न एवढाच की, ही सुधारणा चालू महिन्याच्या वेतनापुरती आहे. नोकरी मात्र तीस वर्षांची असते.

चूक आणि तिचा प्रवास

कोणत्याही संगणकीय प्रणालीत पहिली नोंद कागदावरून होते. 'सेवार्थ' आणि 'शालार्थ' यांची आरंभीची माहिती भरली गेली, तेव्हा घाईत, अपुऱ्या प्रशिक्षणानिशी आणि पुष्कळदा खासगी संगणक केंद्रांत बसून ती भरली गेली. सेवापुस्तकातील जन्मदिनांक, प्रथम नियुक्तीचा दिनांक, वेतनवाढीचा दिनांक आणि नावाचे इंग्रजी वर्णलेखन या नोंदी एकदा आत गेल्या की पुढील सर्व हिशोब त्यांवर उभा राहतो. कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या आयडीतही विभागाचे संकेताक्षर, नावाची आद्याक्षरे, लिंग, जन्मवर्ष आणि अनुक्रमांक गुंफलेले असतात. म्हणजे ओळख क्रमांक हा निव्वळ क्रमांक नसून माहितीचाच एक तुकडा असतो. विवाहानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेची आद्याक्षरे, आधारपत्र, बँक खाते आणि सेवापुस्तक यांचा मेळ बसविताना कार्यालयाची कशी त्रेधा उडते, हे जिल्ह्यातील कोणत्याही मुख्याध्यापकास विचारावे.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक प्रकरण येथे नमूद करतो. जिल्ह्यातील एका महाविद्यालयातील प्रयोगशाळा परिचराची एक वेतनवाढ प्रणालीत चुकीच्या दिनांकापासून नोंदली गेली होती. चूक लिपिकाची होती, परिचराची नव्हे; त्याला तर वेतनचिठ्ठीतील रकान्यांचा अर्थही नीटसा उमगत नसे. दरमहा वेतन वेळेवर होत राहिले. त्या वर्षांत कोणी प्रश्नावली दिली असती, तर त्याने प्रत्येक विधानापुढे 'समाधानी' असेच लिहिले असते. सेवानिवृत्तीला काही महिने उरले असताना वेतन पडताळणीत फरक निघाला आणि अनेक वर्षांच्या अतिप्रदानाची वसुली त्याच्या उपदानातून प्रस्तावित झाली. प्रणालीने वर्षानुवर्षे अचूकपणे चुकीची रक्कम दिली होती.

अशा वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा १८ डिसेंबर २०१४ चा निर्णय सुपरिचित आहे. वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या वा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून आणि पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची वसुली अनुज्ञेय नाही, असे न्यायालयाने त्यात सांगितले. पुढे २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात, वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र ज्याने दिले आहे त्याच्याकडून वसुली करता येते, असाही निर्णय झाला. आणि सुधारित वेतनश्रेणी स्वीकारताना असे हमीपत्र आपण सर्वच जण देतो, बहुधा न वाचता. म्हणजे चूक करण्याचा अधिकार एकाकडे, ती शोधण्याचा दुसऱ्याकडे आणि तिची जबाबदारी तिसऱ्याकडे, अशी ही रचना आहे. हिला सेवा-गुणवत्तेच्या पाच अंगांपैकी कोणत्या अंगात बसवावयाचे?

येथे जुन्या कागदी व्यवस्थेतील एक तरतूद आठवते. सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्यास दाखवून त्याची स्वाक्षरी घ्यावी, असा नियम आहे. तो किती ठिकाणी पाळला जात असे हा वेगळा प्रश्न. बहुतेकांनी निवृत्तीच्या वर्षी एका बैठकीत वीस स्वाक्षऱ्या केल्या असतील. तरीही नियमामागचा विचार मोलाचा होता. नोंद ज्याच्याविषयी आहे, त्याने ती पाहिलीच पाहिजे. आज प्रणालीत कर्मचाऱ्याला फार तर वेतनचिठ्ठी दिसते. जिच्या आधारे चिठ्ठी निघते ती मूळ नोंद त्याने वर्षातून एकदा तपासून मान्य केली, असा टप्पा मासिक कामकाजात नाही. संगणकीकरणाने कागदावरची एक चांगली तरतूद या रीतीने गळून पडली आणि कोणाच्याही प्रश्नावलीने तिची विचारपूस केली नाही.

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांच्या बाबतीत चूक आणखी खोल जाते. परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना यांखाली वेतनातून दहा टक्के कपात होते आणि शासनाचा हिस्सा तीत मिळविला जातो. वेतन एक दिवस उशिरा झाले तर साऱ्या स्टाफरूमला कळते. कपातीची रक्कम खात्यात काही महिने उशिरा जमा झाली तर मात्र कोणालाही कळत नाही. योजना बाजाराशी निगडित असल्याने त्या काळातील वाढ कायमची बुडते आणि तिचा परिणाम पंचवीस वर्षांनी दिसतो. अनुदानित संस्थांतील अनेकांना सुरुवातीच्या वर्षांतील कपातीचा ताळमेळ घालण्यासाठी जुनी विवरणपत्रे धुंडाळावी लागली, हा अनुभव ताजा आहे. 'वेतन वेळेवर होते काय?' या प्रश्नाने हा विलंब पकडता येत नाही. कपातीची तारीख आणि खात्यात जमा होण्याची तारीख या दोहोंतील दिवस मोजावे लागतात. त्याला मताची गरज नाही, नोंदीची आहे.

'शालार्थ'चे दोन धडे

शाळांसाठीची 'शालार्थ' प्रणाली २०१२-१३ च्या सुमारास लागू झाली. २०१८ च्या प्रारंभी तीत मोठा तांत्रिक बिघाड झाला आणि राज्यभरातील शिक्षकांचे वेतन अनेक महिने ऑफलाइन पद्धतीने काढावे लागले. त्या महिन्यांत काय घडले? गावोगावच्या लिपिकांनी जुनी देयके काढली, गतमहिन्याच्या आकड्यांवर नवे आकडे बसविले आणि वेतन झाले. वेतनवाढ, नवीन नियुक्ती, थकबाकी असे जे काही नेहमीच्या चाकोरीबाहेरचे होते, ते मात्र अडकून पडले. ज्या कागदी कौशल्याला आपण कालबाह्य म्हणत होतो त्यानेच व्यवस्था तारली, ही गोष्ट सेवा-गुणवत्तेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्यासारखी होती.

दुसरा धडा २०२५ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये नागपूर येथे बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले. सुमारे ५८० अपात्र शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नावे आयडी निर्माण करून शासकीय तिजोरीतून वेतन काढले गेल्याचा आरोप पुढे आला. शिक्षण विभागातील अधिकारी व कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमले गेले. आरोपांची सत्यासत्यता न्यायालय ठरवील. वर्धा जिल्हा त्याच नागपूर विभागात मोडतो, म्हणून या प्रकरणाकडे आपण बाहेरची बातमी म्हणून पाहू शकत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील मर्म असे. प्रणालीच्या दारात एक आयडी हाच अस्तित्वाचा पुरावा ठरला, तेव्हा त्याला किंमत आली. ज्याची कागदपत्रे खरी होती तो रांगेत उभा राहिला. ज्याची नव्हती त्याने, आरोप खरे असतील तर, ती किंमत मोजली. आणि आत प्रवेश मिळाल्यावर दोघांनाही प्रणालीने समान तत्परतेने दरमहा वेतन दिले. कार्यक्षमता, पूर्तता, उपलब्धता, गोपनीयता या चारही अंगांवर बनावट आयडीधारकाने प्रणालीला उत्तम गुण दिले असते! यानंतर २०१२ पासून नियुक्त झालेल्यांची मूळ कागदपत्रे प्रणालीवर चढविण्याचे आदेश निघाले. कारंजा, आष्टी, समुद्रपूर येथील प्रामाणिक शिक्षकांनाही आपले अस्तित्व पुन्हा एकवार सिद्ध करावे लागले, त्या दगदगीची मोजदाद कोणत्या श्रेणीत होते?

अन्यत्रचा अनुभव

ही अवस्था केवळ आपल्याकडची आहे असे समजण्याचे कारण नाही. कॅनडाच्या संघ शासनाने फेब्रुवारी २०१६ पासून 'फिनिक्स' ही वेतन प्रणाली सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने लागू केली. कोणाला कमी, कोणाला जास्त, तर कोणाला अजिबात वेतन मिळेना. तेथील महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात तिला 'अनाकलनीय अपयश' म्हटले. यातील आपल्या उपयोगाचा तपशील निराळाच आहे. प्रणाली येण्यापूर्वी विविध खात्यांत सुमारे १२०० वेतन सल्लागार होते. ती पदे काढून मिरामिची या लहानशा शहरातील केंद्रात सुमारे ५५० जणांवर काम सोपविण्यात आले. संगणक आला म्हणून नियमांतील बारकावे जाणणारी माणसे कमी केली आणि चुका दुरुस्त करणारे कोणी उरले नाही. पुढे २०१९ पासून कर्मचारी संघटनांशी नुकसानभरपाईचे करार करावे लागले. 'ई-रेक्स-क्वाल'मधील 'भरपाई' हे अंग तेथे निदान करारात उतरले. आपल्याकडे उशिरा मिळालेल्या वेतनावर व्याज मागणारा कर्मचारी अजून न्यायालयातच जातो.

आपल्या महाविद्यालयांतील शिक्षकेतर पदे रिक्त राहत गेली आहेत, हे येथे सांगावयास नको. जो मुख्य लिपिक ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयातील वेतननिश्चिती तोंडी समजावून देत असे, तो निवृत्त झाला. त्याच्या जागी बसलेल्या व्यक्तीला प्रणालीचा पासवर्ड मिळाला, नियम मिळाले नाहीत. प्रणालीच्या पडद्यावर चूक दाखविणारा संदेश इंग्रजीत येतो, त्याचा अर्थ कळण्यासाठी ती पाऊणशे किलोमीटरवरील नागपूर गाठते. कारंजा (घाडगे) येथील लिपिकाला तर महामार्गामुळे वर्ध्यापेक्षा नागपूरच सोयीचे. तेथे छापील प्रती तीन संचांत द्याव्या लागतात. ऑनलाइन प्रणालीचे यश एस.टी.च्या वेळापत्रकावर अवलंबून असावे, यातील विसंगती आपल्याला आता जाणवेनाशी झाली आहे.

पुढील अभ्यासासाठी काही सूचना

वर्ध्याचा आणि शिक्षकाच्या वेतनाच्या प्रश्नाचा संबंध तसा जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने, नवी शिक्षणपद्धती क्रमाक्रमाने शिक्षकांच्या वेतनाचा खर्च भागवू शकेल, अशी अपेक्षा ठरावात नोंदविली होती. ती अपेक्षा फळाला आली नाही आणि वेतनाची जबाबदारी शासनाकडे गेली, ते योग्यच झाले. परंतु पैसा कोठून येतो आणि कोणाच्या हातातून येतो हे त्या परिषदेतील प्रत्येकाला दिसत होते. आज ते दिसत नाही, म्हणून अभ्यासकाचे काम वाढले आहे.

या जिल्ह्यात पुढचा अभ्यास कोणी हाती घेणार असेल तर त्याने प्रश्नावली शेवटी काढावी. प्रथम कार्यालयांच्या आवक-जावक नोंदवह्या उघडाव्यात. वेतनविषयक दुरुस्तीचा अर्ज कोणत्या दिनांकास आला, किती वेळा त्रुटी काढून परत गेला आणि दुरुस्ती पडद्यावर कोणत्या दिनांकास दिसली, एवढ्या तीन गोष्टींतून जे कळेल ते शंभर प्रश्नावल्यांतून कळणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अशी माहिती व्यक्तींची नावे वगळून मागता येते. नमुना वेतनपटावरून न घेता मान्यता-आदेशांवरून घ्यावा, म्हणजे मान्यता मिळाली पण आयडी नाही असे लोक आपोआप समोर येतील. निवृत्त झालेल्यांना अवश्य भेटावे, कारण तीस वर्षांच्या सेवेचा एकत्रित हिशोब फक्त त्यांच्यासमोर मांडला गेलेला असतो. लिपिकांशी स्वतंत्रपणे आणि प्राचार्यांच्या अनुपस्थितीत बोलावे.

यातली अडचणही सांगितली पाहिजे. असा अभ्यास सहा महिन्यांत होत नाही आणि पदोन्नतीसाठी लेखांची संख्या मोजली जाते तेव्हा प्रश्नावलीचा मार्ग जवळचा वाटतो. पदोन्नती झाल्यावर तिची वेतननिश्चिती त्याच प्रणालीत, त्याच लिपिकाच्या हातून, त्याच नागपूरच्या कार्यालयामार्फत व्हावयाची असते. 'ई-रेक्स-क्वाल'ची अकरा विधाने मराठीत उतरविण्याचे काम प्रस्तुत लेखकाने आरंभिले आहे. 'संपर्क' या अंगाखालील पहिल्याच विधानाशी ते सध्या अडले आहे. त्यात मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे का, असे विचारलेले आहे. आपल्याकडे क्रमांक उपलब्ध असतो. तो उचलला जातो का, हे विधान निराळे करावे लागेल.